मालकांच्या वजनाचं पोतं

भूकंप आला तर नवऱ्याला उचलून घराबाहेर पळता यावं, एवढ्यासाठीच मी बारीक व्हायचं ठरवलं. सुंदर दिसावं वगैरे हेतू त्यात औषधालाही नव्हता. (असता तरी आमच्या मालकांनी आधीच सांगून टाकलं होतं, "अगं, त्या गाडीचा टाइम होऊन गेला!")

मालक एसटीत कंडक्टर होते, त्यामुळं त्यांचं सगळं बोलणं गाडीच्याच भाषेत. आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. भूकंपात घराचं माळवद खाली आलं ते नेमकं त्यांच्या कमरेवर. माणूस वाचला, पाय गेले. म्हणजे होते जागेवरच, पण "कायमचे रजेवर गेलेत" असं तेच म्हणायचे. गावात घर उरलं नाही, घरातली माणसंही सगळी उरली नाहीत. (त्याबद्दल मी इथं काही सांगणार नाही. हसवायला बसले आहे.) मग आम्ही दोघं लातूरला आलो, दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि मी पोरांची मेस सुरू केली.

तेव्हा लातुरात दोनच गोष्टी वाढत होत्या, ट्यूशन आणि मेस. आमच्या गल्लीत भिंतीला रंग दिसत नसे, सगळीकडं पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. नांदेड, परभणी, पार भोकरकडून पोरं डॉक्टर व्हायला यायची आणि माझ्याकडं जेवायची. आता जेवायची म्हणजे काय, परीक्षेच्या काळजीनं एका भाकरीत उठायची. ताटात उरलेलं नाही, पण पातेल्यात उरलेलं कोण खाणार? मी! काळजी पोरांच्या डोक्यात साठली आणि अन्न माझ्या अंगात. अशी मी वाढत वाढत गेले, अन् एक दिवस गुडघ्यांनी हात टेकले.

डॉक्टर म्हणाले, "मावशी, वजन उतरवा, नाहीतर गुडघे बसतील."

मी म्हटलं, "बसू द्या की. मी पण बसते त्यांच्यासंगं."

"मग काकांना कोण उचलणार?"

झालं, मी वजन उतरवायला तयार! कारण मालकांना मीच उचलायची. खाटेवरून पाटावर, पाटावरून खाटेवर. आणि जमीन हलली की खाटेवरून रस्त्यावर. तेव्हा जमीन अजून नीट झोपली नव्हती. मधूनच कूस बदलायची. मांडणीवरची भांडी वाजली की सबंध गल्ली बाहेर! चाकाची खुर्ची मिळाली होती, पण दाराला पायऱ्या. खुर्ची काय उड्या मारणार? आणि गल्लीत माणसं भरपूर असली तरी जमीन हलली की जो तो आपला पळतो. त्यात कुणाची चूक नाही. मीही पळालेच की एकदा, गावी. पळाले म्हणूनच आज बोलते आहे. मालक मागं राहिले होते.

तेव्हापासून मी मनाशी एकच धरलं होतं, पुन्हा एकटी बाहेर यायचं नाही.

तर वजन उतरवायचं ठरलं. आम्हा बायकांना वजन उतरवायचा एकच रस्ता ठाऊक, तो म्हणजे न खाणं! सकाळी कोरा चहा, दुपारी अर्धी भाकरी, दिवस मावळताना पोरांना वाढतावाढता आलेला वास. वजन भराभर उतरलं. गालाची हाडं वर आली. शेजारची रजियाआपा (मनियारीण, घरातच बांगड्यांचं दुकान) माझा हात धरून म्हणाली, "भाभी, बांगडी तो ढिल्ली हो गई, पन तुमारा मू क्यू ऐसा मय्यत के घर का दिखरा?"

मी म्हटलं, "बारीक होऊन राहिले, आपा."

"बारीक नै हो रै तुम, खतम हो रै!"

तिचं ऐकायला हवं होतं. एक दिवस सकाळी मालकांना अंघोळीसाठी उचललं. खाट सुटली आणि पाट यायच्या आधीच माझे दंड थरथरले, लटलट लटलट! पिठाचे असल्यासारखे मऊ पडले. मी खाली, मालक माझ्यावर, आणि आम्ही दोघं खाट आणि कांद्याची टोपली यांच्या मध्ये अडकलो. मला उठता येईना, त्यांना उतरता येईना.

"गाडी घाटात बंद पडली का?" मालक वरून म्हणाले.

"गप बसा हो! मला श्वास घेऊ द्या."

"घे की. प्याशिंजरनं उतरून धक्का मारला असता, पण प्याशिंजरचेच पाय गेलेत."

हसता हसता मला रडू यायला लागलं आणि रडता रडता आणखी श्वास कोंडला. पोरं जेवायला आली तोवर आम्ही तिथंच. दारातून एक चौकशी करतंय, "मावशी, भाजी कशाची हाय?" मी कांद्याच्या टोपलीमागून ओरडले, "आज कशाचीच न्हाई रे बाबा! आपाला बोलवा!" पोरं घाबरून उपाशीच ट्यूशनला पळाली. रजियाआपा आली, बाह्या मागं सारून तिनं आधी मालकांना काढलं, मग मला. मला काढताना तिला काहीच जोर लागला नाही. तेव्हाच मला कळलं की काहीतरी चुकतंय.

त्या दिवशी जेवताना मालकांनी आपली अर्धी भाकरी मोडून माझ्या ताटात टाकली. म्हणाले, "अगं, जाडी होतीस तवा उचलायचीस तरी. तू जाडीच बरी."

आता यावर हसावं की काय करावं? मला वाईट एवढंच वाटलं की त्यांच्या डोळ्यांत ते माळवद पुन्हा दिसलं मला.

मालकांच्या पायांसाठी सरकारी दवाखान्यात व्यायामाच्या एक मॅडम होत्या. त्यांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी माझा दंड दाबून पाहिला, भाजीवाल्याकडं वांगं दाबतात तसा.

"मावशी, उपाशी राहिलात की शरीर नुसती चरबी जाळत नाही. ते मांसही खातं. तुम्हाला चरबी घालवायची आहे, ताकद नाही. समजा, घराच्या माळ्यावर फार पसारा झालाय. पसारा काढायचा. त्यासाठी भिंती पाडतं का कुणी?"

भिंती पडण्याचं उदाहरण आमच्याकडच्या माणसाला दिलं की चट्कन समजतं.

मॅडमनी सांगितलं ते असं. भात, साखर, तेल कमी. डाळ, मटकी, हरभरे, ताक, अंडी पोटभर. उपाशी राहायचं नाही, घाई करायची नाही, वजन हळूहळू उतरलं पाहिजे. आणि ओझं उचलायचं! रोज थोडं थोडं वाढवत. "मावशी, ज्या कामाला ताकद पाहिजे तेच काम सराव म्हणून करा."

डाळ-मटकीचं काही नाही, मेसच होती. घोटाळा अंड्यांचा. दारावर पाटी, 'शुद्ध शाकाहारी घरगुती जेवण'. पोरांचे आईबाप ती पाटी वाचूनच पोरं माझ्या हवाली करायचे. मग मी अंडी रजियाआपाकडं ठेवली. रोज सकाळी, "जरा बांगड्या भरून येते" म्हणायचं, तिच्या चुलीपाशी बसून उकडलेली अंडी खायची, चूळ भरायची आणि साळसूद तोंडानं परत.

काही दिवस गेले आणि मालक म्हणाले, "रोज बांगड्या भरतीस, अन् हातात त्याच जुन्या. आपाच्या बांगड्या काय पोटात भरतात का?"

मी पदरानं तोंड पुसलं.

"वास येतोय मला. पाय गेलेत, नाक न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाले, "उद्या येताना पदरात एक मला पण आण."

अशी आम्ही दोघं म्हातारपणी 'शुद्ध शाकाहारी' पाटीच्या आड बसून चोरून अंडी खायला लागलो. सालं पुडीत बांधून आपाच्या उकिरड्यावर!

राहता राहिलं ओझं. ज्वारीचं पोतं घरात होतंच. पण किती भरायचं? मॅडम म्हणाल्या होत्या तेच काम करा, म्हणजे पोतं मालकांच्या वजनाचं हवं. मालकांचं वजन कुणाला माहीत? दवाखान्यातल्या काट्यावर उभं राहावं लागतं. शेवटी त्यांना हातगाड्यावर घालून कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत नेलं आणि पोती मोजायच्या मोठ्या काट्यावर बसवलं.

गिरणीवाला कानावरचं फडकं सोडत म्हणाला, "काका, जाडं दळू का बारीक?"

बाया पदर तोंडात धरून हसल्या. मालकही हसले. मग त्यांनी काट्याकडं पाहिलं आणि एकदम हसायचे थांबले. नोकरीत असताना हा माणूस असा दांडगा, की भरल्या गाडीत मागून पुढं निघाला की लोक खिडकीला चिकटायचे. काटा अर्ध्यातच थांबला होता.

"एवढाच उरलो का गं मी?" ते म्हणाले.

मी म्हटलं, "बरंच हाय की. मला उचलायला सोपं."

परत येताना मालक सारखं नाक पुसत होते. मी पण पुसत होते. गिरणीत पीठ उडतंच म्हणा.

घरी पोतं तयार केलं. आधी थोडी ज्वारी, मग दर आठवड्याला शेर-दोन शेर वाढवत वाढवत बरोबर मालकांएवढं. ते ठेवलं त्यांच्या खाटेशेजारच्या बाकावर, खाटेच्याच उंचीला. तागाचं पोतं गळ्याला टोचायचं म्हणून त्याला मालकांचा जुना खाकी सदरा घातला, गुंड्या लावून. दुपारी पोरं जेवून गेली की माझा सराव सुरू. बाकावरून पोतं कवेत उचलायचं, पायऱ्या उतरायच्या, समोरच्या कडुलिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत नेऊन बसवायचं. जरा दम खायचा, परत उचलायचं, घरी आणायचं.

मालक खाटेवरून बघायचे आणि म्हणायचे, "टिंग टिंग! सोडा गाडी!"

गल्लीनं आधी तोंडात बोटं घातली, मग सवय झाली. पोरं विचारायची, "मावशी, काका निघाले का फिरायला?" म्हणजे ते पोतं! एक पोरगी तर त्याला वाकून नमस्कार करून पेपरला गेल्याचं मी पाहिलंय. मालकांना ते फारसं आवडत नव्हतं. एकदा म्हणाले, "पोत्याची बडदास्त माझ्यापरीस जास्त हाय. त्याला रोज हवापालट, अन् मी चार वर्सं ह्या भिंतीकडं बघून राहिलो."

मी म्हटलं, "ते बोलत न्हाई उलटून, म्हणून."

मला तेव्हा कळायला हवं होतं. पण मी माझ्या दंडांवर खूश! पोट उतरलं, गुडघे बोलायचे थांबले आणि दंड असे झाले की रजियाआपाला माझ्या मापाच्या बांगड्या मनगटातून वर सरकवता येईनात. मॅडमनी पुन्हा दंड दाबला आणि म्हणाल्या, "शाब्बास! पसारा गेला, भिंत राहिली."

आणि मग एका दुपारी ती वेळ आली.

उन्हाळा होता. खिडक्यांना गोणपाट लावलेलं, घरात अंधारी. मालक डोक्यावर चादर घेऊन पडलेले, मी खाली चटईवर. डोळा लागत होता तोच मांडणी वाजली. आधी एक वाटी, मग सगळीच भांडी. गल्लीत आरडाओरडा, "भूकंप! बाहेर या! बाहेर!"

मी उठले. घाबरले नाही, खरंच सांगते! एवढ्या महिन्यांचा सराव होता. पाय आपोआप ठरल्या जागी गेले, हात आपोआप खाली गेले, कवेत घेतलं, गुडघ्यातून उठले, पायऱ्या उतरले. सदऱ्याची गुंडी गालाला लागत होती आणि मी कानात सांगत होते, "भिऊ नका. मी हाय. ह्या बारीला न्हाई सोडणार तुम्हाला." त्यांचे हात माझ्या गळ्याभोवती नव्हते, हे लक्षात यायला नको का? ते एक अक्षर बोलत नव्हते, हे तरी? उलट मला बरं वाटलं, की चला, माणूस एकदाचा गप्प बसला!

लिंबाखाली खुर्चीत अलगद बसवलं. सगळी गल्ली जमलेली. पोरं पुस्तकं छातीशी धरून उभी. (प्रलय आला तरी पुस्तक सोडायचं नाही, ही आमच्या लातूरची रीत.) मी खाली बसले, पदरानं त्यांचा घाम पुसला आणि घळाघळा रडत म्हटलं, "आणलं! अवो, आणलं मी तुम्हाला बाहेर!"

 रजियाआपा पुढं आली. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"भाभी," ती फार हळू म्हणाली, "ये ज्वारी है."

आणि त्याच वेळी घरातून मालकांचा आवाज आला, चांगला खणखणीत, भरल्या गाडीत मागच्या दारापर्यंत पोचेल असा.

"अगं ए! प्याशिंजर स्टँडवरच राहिलाय! निदान ज्वारीला तरी न्हाई ना लागलं कुठं?"

पोरं हसली. काय हसली! काहींची पुस्तकं खाली पडली. मी मात्र पायऱ्या कशा चढले ते माझं मला ठाऊक नाही. मागून आपा ओरडून राहिली, "भाभी, अंदर नक्को!" पण मी आतच. मांडणीवरचा पितळी डबा खाटेखाली पडलेला, त्यांच्या उशापासून हातभर अंतरावर. मालक चादर बाजूला करून टक्क जागे. मी त्यांना उचललं तेव्हा त्यांचे दोन्ही हात गळ्याभोवती आले, घट्ट! बाहेर आणलं, तर खुर्चीत पोतं! ते आपानं ओढून खाली पाडलं, तेव्हा कुठं मालकांना जागा मिळाली. तोवर जमीन केव्हाच शांत झाली होती.

गल्ली पांगली. आम्ही दोघं लिंबाखाली तसेच. मला मान वर करवेना.

मी म्हटलं, "मला मारा हो चार."

"त्या दंडांच्या बाईला कोण मारणार?" ते म्हणाले.  "एक सांगू? गावी माळवदाखाली पडलो होतो, तवा वाटलं होतं, आता कुणी येत न्हाई. आज पण एकटाच होतो. पण आज म्हाईत होतं. येईल ही. पोतं नीट ठेवून, घाम पुसून, पण येईल."

मी पदर डोळ्यांना लावला. तर हेच पुढं म्हणाले, "अन् आता त्या पोत्याचं पीठ करून टाक. सराव करायचा तर माझ्यावर कर. इथं सावली लई झ्याक हाय."

दुसऱ्या दिवशी ज्वारी दळून आणली. खाकी सदरा धुऊन मालकांना घातला. तेव्हापासून रोज दुपारी मी त्यांनाच उचलून लिंबाखाली न्यायची. चार वर्षं भिंत बघणारा माणूस गल्ली बघायला लागला. पोरांना पेपरचे प्रश्न विचारायचा, आपाच्या गिऱ्हाइकांना बांगड्यांचे रंग सांगायचा. माझं वजन पुन्हा कधी फार वाढलं नाही. रोज एवढं हलतंबोलतं ओझं उचलायचं, ते पण सबंध वाटेत सूचना देणारं, मग चरबीला थांबायची हिंमत कशी व्हावी!

मालक गेले ते त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, आणि अगदी स्वस्थ. जमीन हलली नाही, भांडं वाजलं नाही. सकाळी चहा घेऊन गेले तर ते गेलेले होते. लिंबाखालीच तिरडी बांधली. खांद्याला चौघं गडी पुढं आले. मी बाजूला उभी होते आणि मनात आलं, ज्यांना मी एकटी उचलत होते, त्यांना आता चौघं लागून राहिलेत.

तिरडी उचलणार एवढ्यात मी म्हटलं, "थांबा."

पुढं झाले, वाकले, तोंडावरचं कापड बाजूला केलं आणि नीट निरखून पाहिलं. बायका हुंदके देऊन रडायला लागल्या, "बाईचा जीव निघंना गं!" एकट्या रजियाआपानं माझ्याकडं रोखून बघितलं आणि पदर तोंडात कोंबला. जीव निघत नव्हता, ते तर खरंच होतं. पण माझ्यासारख्या बाईनं आपलं एकदा बघून घेतलेलं बरं!